काठाकडून मध्याकडे : यल्लापूरची कवंदी

हुबळीहून अंकोल्याकडे निघालेला रस्ता कलघटगी मागे टाकतो, मोकळी शेते सरतात आणि सागाचे रान सुरू होते. सत्तरेक किलोमीटरवर यल्लापूर लागते. बहुतेक प्रवासी मागोड आणि सातोडीचे धबधबे पाहून पुढे निघून जातात. आसपासच्या सिद्दी वस्त्यांत मात्र घाईत असलेल्याने जाऊच नये. तिथे पडवीत बसून बायका कवंदी शिवत असतात, आणि ते काम घाईचे नव्हे.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी त्यांच्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणले. तिथून निसटलेल्यांनी या रानाचा आसरा घेतला. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घरच्या बोलीत कोकणी, मराठी आणि कानडीची सरमिसळ असल्याने मराठी पाहुण्याला अर्धेअधिक बोलणे सहज कळते.

कवंदी म्हणजे आपल्या गोधडीची मावसबहीणच. तळाला जुनी सुती साडी अंथरायची आणि एका कोपऱ्यापासून ठिगळे लावत, धावदोरा घालत काठाकाठाने फिरायचे. एक फेरी झाली की तिच्या आत दुसरी. असे फिरत फिरत शेवटी मध्य गाठायचा. आधी नक्षी काढलेली नसते, चौकट नसते. लेकीचा विटलेला परकर, नवऱ्याचा फाटका सदरा, सासूचे लुगडे, जे हाताशी येईल ते. लाल ठिगळाशेजारी कोणते शोभेल, हे लाल लावून झाल्यावरच ठरते. दोरा ओढून घेतला की कापड चुण्या धरते, मग तो सैल करावाच लागतो. चित्त थाऱ्यावर नसेल तर टाकाच ते सांगून टाकतो. शहरात याच गोष्टीसाठी पैसे भरून शिबिरांना जातात!

हात गुंतलेले, पण मन मोकळे. टाक्याटाक्याला त्या त्या कपड्याचा धनी आठवतो. कुणाशी धरलेला अबोला, कुणाचे राहून गेलेले देणे, हेही वर येते. सुपारीच्या बागेत दिवसभर मजुरी करणाऱ्या बाईला स्वतःशी बोलायला एरवी सवड कुठली? ज्यांच्या पूर्वजांचा स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता, त्यांच्या लेकीबाळी इथे रंग आपल्या मर्जीने निवडतात, हे विसरता येत नाही.

चारही कोपऱ्यांना घड्या घातलेली जाडसर त्रिकोणी ठिगळे लावतात. त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी समजतात. कुणाच्या कवंदीत क्रूस दिसतो, कुणाच्या चंद्रकोर. बाळाच्या कवंदीत चिमुकल्या रंगीत तुकड्यांची दाटी असते.

हेन्री ड्रेवल या अमेरिकन अभ्यासकाने या कलेवर लिहिले, अमेरिकेत प्रदर्शनेही झाली. विक्रीतून बायकांच्या हाती चार पैसे येतात, ही चांगलीच गोष्ट. पण गिऱ्हाइकासाठी शिवलेल्या कवंदीत सासूचे लुगडे घालायचे की नाही? हा प्रश्न ज्या त्या बाईने आपल्यापुरता सोडवायचा.

पावसाळ्यात इथे धो धो पाऊस कोसळतो, म्हणून हिवाळ्यात जावे. उन्हाला कुंपणावर टाकलेल्या कवंदी तेव्हाच दिसतात. विकत घ्यायची असेल तर भाव पाडू नये, आणि ती कुणी शिवली हे नावानिशी विचारून घ्यावे.