लाल खूण

बाबांच्या लेथच्या हँडव्हीलवर आईच्या नेलपॉलिशची एक लाल खूण होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची दोन लेथची शेड. डायलवरच्या रेघा झिजलेल्या, त्यात तेलाचा थर. एकदा चाक एक फेरा जास्त फिरलं आणि होत आलेला जॉब भंगारात गेला. त्या संध्याकाळी बाबांनी आईकडे बाटली मागितली. पुढे शेड विकेपर्यंत त्यांची नजर आधी खुणेवर जायची, मग जॉबवर.

मी हौसेनं घरी लाकूड कोरणारं छोटं सीएनसी राउटर बांधलं. ते संगणकावरून चालवणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर पंचवीस-तीस बटणं, सगळी राखाडी, सगळी एका मापाची. 'इथे शून्य धर' आणि 'शून्यावर जा' एकमेकांना खेटून. एके दिवशी पहिल्याऐवजी दुसरं दाबलं. कटर तिरका सागात घुसला आणि कट्कन मोडला.

मग लिनक्ससीएनसी हा दुसरा प्रोग्रॅम घेतला. त्यात नेहमीच्या पडद्याशेजारी आपलं पॅनल बसवता येतं: एक्सएमएल फाइलीत बटण लिहायचं आणि हॅल प्रकारच्या फाइलीत त्याची पिन मशीनच्या पिनेला जोडायची. पहिल्या रात्री मशीन सुरूच होईना. अशी पिनच नाही म्हणे! पडदा उभा राहिल्यावरच बटणाची पिन जन्माला येते, म्हणून या जोडण्यांची फाइल वेगळी, पडद्यानंतर वाचली जाणारी. मी भिंतीआधीच खिळा ठोकत होतो.

माझ्या पॅनलवर पाचच बटणं आहेत. एक दाबलं की कटर सावकाश १० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीवर उतरतो. टेकताच सर्किट पूर्ण होतं आणि झेडचा, म्हणजे उंचीचा, आकडा १०.००० होतो. 'शून्यावर जा' पार खालच्या कोपऱ्यात; आणि ते दाबलं तरी कटर आधी वर उचलला जातो, मगच सरकतो.

बाबा बघायला आले. पहिला प्रश्न, "थांबवायचं कुठून?" टेबलाच्या कडेचं लाल मशरूम बटण दाखवलं. पडदा अडकू शकतो, म्हणून ते पडद्यावर ठेवलेलं नाही. त्याला खरी वायर आहे. त्यांनी दाबून पाहिलं. मशीन गप्प.

"बरं. बाकीची बटणं मोठी कर, हाताला भुसा असतो." मग कोपऱ्याकडे बोट दाखवून, "हे एवढं लांब का टाकलंस?"

मी ड्रॉवरमधून मोडका कटर काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि पडद्याखाली, नीट दिसेल असा ठेवला.