टेप, काड्या आणि कैची

देहूरोड, तळवडे, चाकण, भोसरी या पट्ट्यात पहिली-दुसरीतल्या मुलांचे वडील भेटले, अभ्यासाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर येतं. "आम्हाला काय कळतंय त्यातलं? क्लास लावलाय." हे सांगणारा माणूस दिवसभर हातात व्हर्नियर धरून मिलिमीटरचे बारीक भाग वाचत असतो. समोरच्या ड्रॉइंगवरून मशीन सेट करतो. जॉब टॉलरन्समध्ये बसला तर पुढे सरकवतो, नाही तर रिजेक्शनच्या पेटीत टाकतो. त्याची बायको ब्लाउजचं कापड बेतते, बचत गटाचं रजिस्टर लिहिते. आणि या घरातलं सात वर्षांचं मूल क्लासमध्ये बसून छापील कागदावरच्या मोठ्या हत्तीला गोल करतं, लहान हत्तीवर फुली मारतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मोजण्यामापण्याचं एवढं पक्कं ज्ञान रोज कंपनीच्या बसने जातं, बसनेच घरी येतं, आणि दाराच्या आत पोरापर्यंत पोचत नाही.

आमच्या शेजारी नवा पलंग घ्यायचं ठरलं. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये तो मावेल की नाही हा प्रश्न होता. वडिलांनी टेप दुसरीतल्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू सांग, मग दुकानात जाऊ." तिने मोजलं, हातावर पेनाने आकडा लिहिला. वडिलांनी दुसरं टोक धरून परत मोजलं तर आकडा एक सेंटीमीटरने कमी भरला. एक सेंटीमीटर गेला कुठं? तिने तीन-चारदा टेप ओढला, सोडला. वडील गप्प राहिले, हे मला फार मोलाचं वाटलं. शेवटी तिचं तिलाच दिसलं, की ती एकच्या रेघेवर अंगठा ठेवून सुरुवात करत होती. मोजणी शून्यापासून सुरू होते हे वर्गातही सांगतात, पण तिथं चुकलं तर एक गुण जातो. इथं चुकलं असतं तर पलंग दारातून परत गेला असता. तिच्या आकड्यावर घराचं काहीतरी अवलंबून होतं, म्हणून ती एवढी जिद्दीने मोजत बसली.

घरच्या घरी शिकायच्या खेळांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाला खोटं काम देऊ नका, खरं द्या. पाहुणे किती येणार, पोळ्या किती लागतील, वाटीने चार माणसांचा भात कसा मोजायचा, पाण्याची कळशी किती तांब्यांनी भरते, हे त्याच्यावर सोपवा. भात थोडा उरला तरी चालेल.

आकड्यांचं एक अवघडपण मराठी घरांत मुद्दाम सांभाळायला हवं. आपण सत्तावीस म्हणताना आधी सात उच्चारतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो. मुलं बहात्तर लिहून ठेवतात आणि मार खातात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असंही वाचन दिलं, तेव्हा राज्यभर वादंग झालं. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. त्या वादात कोणती बाजू घ्यायची ते घ्या, पण संध्याकाळी अगरबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या गोळा करा. दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधा. दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या मुलाच्या हातात आल्या, की तोंडाने काहीही म्हटलं तरी दोन कुठं लिहायचे हे हाताला कळतं. जुडी सोडून सुट्या करता येतात, त्यामुळे हातच्याची वजाबाकीही त्याच काड्यांत होते.

काड्यांवरून अरविंद गुप्ता आठवतात, आणि ते आपल्याच पट्ट्यातले म्हणून जास्त आठवतात. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये बाहेर पडून ते पुण्याच्या टेल्कोत लागले. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातला हा इंजिनीअर १९७८ मध्ये वर्षाची रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेला. तिथं खेड्यातल्या मुलांसाठी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम चालू होता. आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीतल्या काड्या एवढ्यावर त्यांनी सांधे, त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी बनवून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

व्हॉल्व्ह ट्यूब आता सगळीकडे मिळत नाही. तिच्या जागी रात्री भिजत घातलेले हरभरे किंवा वाटाणे घ्या आणि टूथपिक घ्या. जर्मनीत बालवाडीची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेलनेही काड्या आणि भिजवलेले वाटाणे मुलांच्या हाती दिले होते. दाणे वाळले की काड्यांना घट्ट धरतात, घर मोडत नाही. मुलाला एक त्रिकोण आणि एक चौकोन करायला सांगा, आणि दोन्ही हलकेच दाबायला सांगा. चौकोन कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग चौकोन ताठ कसा उभा राहील? मूल कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी काडी घालू पाहतं आणि ती आखूड पडते. खराट्याची हीर शोधून आणतं, मोडून मोडून मापाची करतं. हीर बसली की चौकोन ठाम होतो. त्यानंतर त्याला बाहेर न्या. स्टेशनच्या पुलावर, विजेच्या मोठ्या मनोऱ्यांवर, बाबांच्या कंपनीच्या पत्र्याखालच्या कैचीत त्याला तोच त्रिकोण दिसू लागतो. कैची का घालतात हे वेल्डिंग करणारा बाप कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगतो. फक्त त्याला विचारायला हवं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर बिया, शंख, पानं घेऊन अंगणातच शाळा भरवली. त्याच अंगणवाडीचं नाव आज देशभर आहे. शैक्षणिक खेळण्यांचा महागडा संच घेतला नाही म्हणून कुणी खंत करू नये.

वाचनासाठी आपल्याकडे लोकल आहे. देहूरोडहून पुण्याकडे निघालं की आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर, पुणे. प्रत्येक पाटी मुलाने वाचायची, आपण कितवं स्टेशन ते सांगायचं, आणि परतीच्या वाटेवर तोच क्रम उलटा म्हणायचा. घरी आल्यावर देहूरोडचा नकाशा काढायचा. त्यात स्टेशन असेल, बाजार असेल, देहूकडे जाणारा रस्ता असेल. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जिथं बुद्धमूर्ती बसवली ते विहार असेल. त्या दिवसाबद्दल गल्लीतल्या एखाद्या आजीला काय ठाऊक आहे ते विचारून चार ओळी लिहायला लावा. लष्करी डेपोमुळे आपल्या गावात तमिळ, तेलुगू, पंजाबी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. शेजारच्या मावशीकडून तिच्या भाषेतले दहापर्यंतचे आकडे शिकून येणं हा किती सुंदर खेळ आहे!

यातल्या कशाचीही परीक्षा मात्र घेऊ नका. खेळ संपल्यावर "मग काय शिकलास?" असं विचारलं, की मूल पुढच्या वेळी खेळायला कचरतं.

शाळेत नव्याने येणाऱ्या मुलांसाठी राज्याने २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' अभियान सुरू केलं आणि मातांचे गट केले. आयांनी ते काम मनापासून केलं. पण बाप कुठं होते? आपल्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी, हे खरं कारण आहे. तरी गुरुवारी शाळा सुटल्यावर संध्याकाळ उरतेच. बाबांनो, येत्या गुरुवारी पिशवीतला टेप काढा, पोराच्या हातात द्या, आणि दाराची उंची त्याला मोजू द्या. तो चुकला तर लगेच सांगू नका.