पाऊण सुताची रिब

आमच्या घरात चांगली वस्तू म्हणजे जड वस्तू. पितळी बंब, सागवानी पलंग, लोखंडी कपाट. हलवायला चार माणसं लागली, की पैसे वसूल झाले असं आजीचं ठाम मत. ऐंशीच्या दशकात ओझरच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या आम्हा सख्ख्या-चुलत भावंडांना याच्या बरोबर उलटं शिकवलं ते बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पंखाने.

ओझर म्हणजे मिग. नाशिकजवळच्या त्या एचएएलच्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग-२१ या लढाऊ विमानाची कामं चालत. घरोघरचे वडील-काका पत्रा, रिव्हेट आणि शिफ्ट याच भाषेत बोलत. चाचणीचं विमान डोक्यावरून गेलं की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि वाक्य अर्धवट सोडून सगळे थांबायचे. पोरांना विमानाचं वेड लागलं यात नवल नव्हतं. पण मिगचा त्रिकोणी पंख करायचा आमचा हट्ट काकांनी तिथल्या तिथे मोडीत काढला. "आधी सावकाश उडणारं करा, जोरात पडणारं नंतर." म्हणून ठरलं ते साठ इंच पंखाचं ट्रेनर, पंख धडाच्या वर आणि एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, क्लार्क वाय. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये आखलेल्या या आकाराची खालची बाजू बरीचशी सपाट असते. त्यामुळे पंख सरळ फळीवर ठेवून जोडता येतो.

त्या काळी मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला मॉडेलचं सामान विकणाऱ्या कलकत्त्याच्या इंडियाज हॉबी सेंटरचं नाव पाठ असायचं. बाल्सा मात्र मुळात इक्वेडोरकडचा आणि आमच्या खिशाला महागच. तीन फूट लांब, तीन इंच रुंद पट्ट्या घरात आल्या तेव्हा आजीने एक उचलून पाहिली आणि विचारलं, "आत काही आहे की नुसतंच?" सागवान घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, चांगला बाल्सा दीडशेच्या आसपास. पण सगळ्या पट्ट्या सारख्या नसतात. वजन करून त्या निवडाव्या लागत. घट्ट लाकूड पंखाच्या पुढच्या कडेला, हलकं टोकांना. पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्यांसाठी, म्हणजे स्पारसाठी, सरळ रेषांचा पाइन. वाण्याकडून तराजू मागून आणायचं काम धाकट्याकडे.

रिब, म्हणजे पंखाचा आकार धरणाऱ्या फासळ्या, पाऊण सुताच्या. कारखान्यातली कागदपत्रं मिलिमीटरची असली तरी घरात मोजमाप सुतातच चाले. काकांनी प्लायचे दोन साचे कापून दिले. दोघांच्या मध्ये बाल्साचे तुकडे रचायचे, आरपार बोल्ट घालून आवळायचे आणि पॉलिश पेपरने घासत साच्याला भिडवायचे. बोल्ट सोडले की पंचवीसेक रिब, एकीसारखी दुसरी. स्पारसाठीच्या खाचा दाढीच्या ब्लेडने. मग नकाशावर मेणकागद, त्यावर खालचा स्पार, त्यावर रिब उभ्या, वरचा स्पार आणि दोन स्पारांच्या मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साचे वेब. पंख वर वाकू लागला की वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो. दोघांना एकमेकांपासून हलू न देणाऱ्या त्या पातळ वेबमुळेच दोघे मिळून भार पेलतात. काका हे समजावताना बोटं नाचवत, आणि शेजारच्या खोलीतून आत्या ओरडे, "जेवायला या, भार नंतर पेला."

शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या संपल्या, शब्दकोश पंखाच्या टोकाखाली गेला. दोन अर्धे पंख मधे जोडताना टोकं वर उचलून डायहेड्रल द्यायचा, म्हणजे विमान कलंडलं तर आपोआप सावरायला मदत होते. तो सांधा प्लायचा आणि अ‍ॅराल्डाइटचा. बाकी ठिकाणी फेव्हिकॉल, तोही काडीच्या टोकावर. "जास्त लावलं की जास्त चिकटतं" हा घरातला समज इथे चालत नव्हता. सांधा नीट बसला असेल तर थेंब पुरतो, नसेल तर बाटली ओतूनही उपयोग नाही.

मढवायला आईची जुनी नायलॉनची साडी. ओलं करून कापड ताणण्यात ताईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एकही सुरकुती नाही. वरून डोप या लॅकरचे हात. पावसाळी दमट हवेत डोप पांढरं पडतं, म्हणून हे काम दसऱ्यानंतर. त्या उग्र वासाने आजी गॅलरीत जाऊन बसायची. सुकताना कापड आवळतं आणि पंखाला पीळ बसतो, म्हणून तो रात्रभर फळीला जखडलेला. टोकांच्या मागच्या कडेखाली मात्र एक पट्टी सरकवून मुद्दाम थोडा पीळ, वॉशआउट, ठेवलेला, म्हणजे वेग कमी झाला तरी टोकं शेवटी दगा देतात.

इंजिनाला मिथेनॉल आणि एरंडेल. आम्हाला पोट साफ करायला मिळणारं तेच एरंडेल धूर होऊन मैदानावर पसरलं, की सगळी भावंडं नाक मुरडायची. जपानी रेडिओ सेट एकाच घरात, त्यामुळे विमानं अनेक, ट्रान्समीटर एक. पंख धडाला रबरबँडने बांधलेला. आदळला तर तुटण्याआधी सुटावा, हा हिशेब.

तरी तो तुटायचाच. बाल्साचं मोडलेलं तिरकं कापून जोडता येतं, आणि कल्हई-ठिगळाच्या त्या घरात दुरुस्तीचा कंटाळा कुणालाच नव्हता. पण प्रत्येक जोड म्हणजे थोडा गोंद, थोडं कापड, थोडं डोप. काही मोसमांनंतर पंख दिसायला धडधाकट, उडायला सुस्त. उतरताना वेग जास्त ठेवावा लागे, मग पुन्हा आदळआपट, पुन्हा जोड. शेवटी काकांनीच तो बाजूला ठेवला आणि नवीन बाल्सा साच्यांमध्ये रचायला सांगितलं. ज्या घरात बादलीचं बूडही तीनदा बदललं जाई, तिथे चांगली दिसणारी वस्तू निव्वळ जड झाली म्हणून सोडून देणं आजीला अखेरपर्यंत पटलं नाही.

आता लेझरने कापलेल्या रिब डब्यात येतात, फोमची विमानं तर तयारच मिळतात. आमच्यातला एक पुण्यात, एक बंगळुरूत, ताई टोरांटोत. पंख एकाकडेही शिल्लक नाही. प्लायचे साचे मात्र आहेत, आणि ते दोन असल्यामुळे वाटणी होऊ शकत नाही, कारण एकट्या साच्याने रिब होत नाही. यंदाच्या दिवाळीत ते कुणाकडे राहणार यावर जुंपलीच आहे.