भीमपलासची कमान

बाबांच्या दोनशे पानी वहीत भीमपलासमधली एक बंदिश आहे. निळी शाई, शिसपेन्सिलीने आखलेले विभाग, समेखाली फुली, खालीच्या जागी शून्य. ग आणि नी कोमल, म्हणून त्या अक्षरांखाली आडव्या रेघा. आणि मध्यमावरून गंधारावर उतरताना अक्षरांच्या डोक्यावर एक कमान. ती मींड. सगळं भातखंड्यांच्या पद्धतीने. कमान काढताना बाबांचा हात दर वेळी जरा वेगळा फिरलाय. एक कमान दुसरीसारखी नाही.

बाबांच्या गाण्याची एकही कॅसेट उरलेली नाही. म्हणून या बंदिशी आपणच गाऊन ठेवायच्या ठरवल्या आणि मागच्या खोलीचा स्टुडिओ झाला. स्टुडिओ म्हणजे काय, कपाटाच्या दारांवर दोन गोधड्या, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस आणि ऐन मे महिन्यात बंद केलेला पंखा.

सॉफ्टवेअर निवडण्यात उन्हाळा सरला. ऑडॅसिटी फुकट आणि सरळ. नुसता आवाज टिपायला पुरेसं. पण तानपुरा, तबला, गळा वेगवेगळे ठेवून मागाहून सावकाश जुळवायचे, तर माझा हात रीपरवर बसला. ते साठ दिवस वापरून बघू देतात, हेही आवडलं. उघडल्याबरोबर ते एकशेवीसच्या लयीच्या उभ्या रेषा मारून ठेवतं. आलापाला त्या काय कामाच्या? पहिल्या दिवशीच पुसल्या. मग हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येऊ लागला, कुणी वेडावून दाखवल्यासारखा. १०२४ नमुन्यांचा बफर ४८,००० च्या वेगाला एकवीस मिलिसेकंद खातो. १२८ केला तेव्हा सूर गळ्याला येऊन चिकटला. कुकरच्या शिट्टीवर मात्र कुठलाच बफर चालत नाही.

खरी अडचण लिपीची, कारण बंदिशी लिहूनही ठेवायच्या होत्या. पैसे मोजून स्वरलेखनाचं फिनाले घ्यावं असं मनात होतं. पस्तीस वर्षं चाललेलं ते सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं. तेव्हापासून मी आधी एवढंच बघते, की लिहिलेलं म्यूझिकएक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येईल अशा रूपात, बाहेर काढता येतं ना. म्यूझस्कोरमध्ये येतं, शिवाय ते फुकट. व्हायोलिन शिकणाऱ्या भाच्याला पाच रेघांची लिपी वाचता येते. त्याच्यासाठी तेच उत्तम.

कमान तिथेही मिळते, दिसायला हुबेहूब. पण त्या लिपीत तिचा अर्थ एवढाच, की स्वर न तोडता वाजव. मी बटण दाबलं, तर मध्यम वाजला, मग गंधार वाजला. दोन पायऱ्या. बाबांच्या कमानीखाली पायऱ्याच नाहीत, उतार आहे. आणि भीमपलासचा जीव त्या उतारावर.

शेवटी बंदिशी मी एक्सेलमध्ये लिहायला घेतल्या. हसू नका. तीनतालाच्या सोळा मात्रा, सोळा रकाने. बंदिश नवव्या मात्रेवरून उठते, म्हणून पहिल्या ओळीतले आठ रकाने कोरे. कोमल स्वराखाली रेघ द्यायला अंडरलाइनचं बटण आहेच. भातखंडे लिपीला याहून सोयीचं काही मला तरी सापडलेलं नाही.

कमानीची सोपी सोय मात्र तिथे नाही. पान छापून आलं, की त्या मी काळ्या पेनाने काढते. आतापर्यंत अकरा बंदिशी झाल्या आहेत.