जठारपेठेत बिऱ्हाड

अकोला स्टेशनवर उतरून ऑटोवाल्याला ‘जठारपेठ’ एवढं सांगितलं तरी पुरतं. परदेशातून इथल्या कृषी विद्यापीठात शिकायला येणाऱ्याची ओळख मात्र बहुधा फाटकाच्या आतच संपते: वसतिगृह, वर्ग, प्रक्षेत्र, पुन्हा वसतिगृह. पहिले काही महिने ते ठीक. पण दोन-तीन वर्षं राहायचं असेल, तर बिऱ्हाड जठारपेठेसारख्या पेठेतच करावं, असं मला ठामपणे वाटतं, कारण बाहेरून आलेल्यांना रुळवण्याची या शहराला जुनी सवय आहे. मोर्णा नदीकाठी असदगड किल्ल्याच्या सावलीतलं जुनं शहर वेगळं; बाहेरच्यांचा ओघ लागला तो नंतर. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, अमेरिकेतल्या यादवीने (१८६१–६५) इथल्या कापसाला भाव आणला, आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. कापसामागे मारवाडी, कच्छी, गुजराती आले; कचेऱ्या-शाळांमागे देशावरची, कोकणातली माणसं. जठार हे आडनावही कोकणाकडचंच.

वसतिगृह सुरक्षित, स्वस्त, वर्गाजवळ असतं, हे खरं. ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ १९६९ पासून उभं आहे, त्या पंजाबराव देशमुखांनीही अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलंच होतं की! पापळसारख्या खेड्यातून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेलेल्या या माणसाला परक्या गावात नवखं असणं ठाऊक होतं. पण त्या छात्रालयाचा हेतू सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहावं, एका पंगतीत जेवावं हा होता. परदेशी मुलं आपापल्यातच राहिली, तर वसतिगृहात नेमकं तेच घडत नाही. पेठेत ते आपोआप घडतं. भाजीवाली विचारते, ‘काय करून राहिला बाबू?’ आणि पुस्तकातली मराठी घोकलेला ‘राहणे’ म्हणजे मुक्काम समजून पत्ता सांगू लागतो. तिने विचारलेलं असतं, सध्या काय चाललंय. वऱ्हाडी शिकून मराठी बिघडेल, ही भीती मला पटत नाही. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर उद्या उभं राहायचं, तो हेच बोलतो.

खरी अडचण कागदांची. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या शिक्षण-व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते, आणि घरमालकालाही भाडेकरू आल्याची माहिती २४ तासांत फॉर्म भरून कळवावी लागते. म्हणून काही काका-काकू आधी कचरतात. हे काम आपणच त्यांच्याशेजारी बसून ऑनलाइन करून देऊ, असं पहिल्याच भेटीत सांगितलं की निम्मा संकोच जातो. दुसरी चौकशी पाण्याची. पूर्णेचं खोरं खारपाणपट्ट्याचं. बोअर आहे म्हटल्याने भागत नाही, पाणी खारं की गोड ते चाखूनच पाहावं. नळ किती दिवसांआड येतो, टाकी केवढी, हेही विचारावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पिण्याआधी कूलरलाच पाणी लागतं. वरच्या मजल्याची, स्लॅब तापणारी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिरात येतात, तेव्हा शहरातले रस्ते त्यांचे असतात. दूध-भाजी आदल्या दिवशीच आणून ठेवावी, आणि पहाटे शेजाऱ्यांबरोबर बघायला निघावं.