हानलेची अमावास्या

दिवाळीच्या अमावास्येला शहाणा माणूस घर सोडत नाही. मी मात्र 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षे ती रात्र लडाखातल्या हानले गावाबाहेर, दातांवर दात आपटीत काढली. कारण आई. लहानपणी चाळीच्या गच्चीवर तिने मला मृग दाखवला, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण दाखवला. आता तिथून दिसतात ते शेजारच्या इमारतींचे दिवे. आणि उंचावर जायला तिला डॉक्टरांची मनाई. म्हटले, तू येऊ नकोस, मृगच तुझ्याकडे आणतो.

हानले त्यासाठीच नामांकित. जवळच्या सरस्वती शिखरावर, 4,500 मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. भोवतालचा मुलूख 2022 साली राखीव ठरला. कुठे जंगल राखतात, इथे काळोख राखतात!

पहिल्या वर्षी मृग वर यायला आणि कॅमेऱ्याची बॅटरी बसायला एकच गाठ पडली. गंमत अशी, की खोलीत येऊन ऊब मिळताच तिच्यात पुन्हा जीव दिसू लागला! थंडीने वीज संपत नाही, आखडते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज उतरते आणि कॅमेरा समजतो, संपली.

घरी आल्यावर फराळाच्या एका प्लास्टिकच्या डब्यावर मी डल्ला मारला. आतून थर्मोकोल लावला. त्यात लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी बसवली: 12.8 व्होल्ट, 7 अँपिअर-तास, म्हणजे 89.6 वॅट-तास. शंभरावर गेली की विमान कंपनीची परवानगी काढा, म्हणून आकडा छापलेली तयार बॅटरीच घेतली आणि हातसामानात ठेवली. तिच्या लगत 5 अँपिअरचा फ्यूज, मग कॅमेऱ्याला मानवेल इतकेच व्होल्टेज देणारा कन्व्हर्टर. वायरी सिलिकॉनच्या, साध्या वायरी गारठ्यात काडीसारख्या ताठ होतात. कॅमेरा आणि भिंगावर दव गोठू न देणारी ऊबपट्टी मिळून दहा वॅट. कागदावर नऊ तास, थंडीची वजावट करून सहा. मृग दहाच्या सुमारास उगवतो, चारला माथ्यावर येतो. हिशेब जमला!

आई हे सारे पाहत होती. म्हणाली, "एवढं केलंस, पण पांघरूण कुठाय?" आणि तिने जुन्या नऊवारीची गोधडी पुढे केली.

2025 साली संध्याकाळी उबदार खोलीतच बॅटरी डब्यात घातली आणि डबा गोधडीत गुंडाळला. पहाटे चारपर्यंत कॅमेरा एकदाही अडला नाही. सकाळी मात्र खोली तापून बॅटरी उबेपर्यंत चार्जर लावला नाही. शून्याखाली चार्ज केली तर ती कायमची बिघडते.

घरी आईने छायाचित्र डोळ्यांजवळ धरले, बाणावरून बोट फिरवले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गोधडी आणलीस ना परत?"