चंद्रप्रभेच्या रानातील सिंह

काशीयात्रेस गेलेला मराठी यात्रेकरू गंगास्नान व विश्वेश्वराचे दर्शन आटोपून बहुधा प्रयागची किंवा गयेची वाट धरतो. पण गंगा ओलांडून चकियाच्या रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटर गेल्यास भातशेते मागे पडतात आणि विंध्याचे डोंगर सामोरे येतात. एके काळी काशीनरेशांचे शिकारीचे रान असलेले चंद्रप्रभा अभयारण्य ते हेच. पूर्वी वाराणसी जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १९९७ पासून चंदौली जिल्ह्यात मोडतो. जिच्या स्पर्शाने पुण्य नष्ट होते अशी समजूत, त्या कर्मनाशेलाच येथली चंद्रप्रभा नदी जाऊन मिळते.

पठारावर मोह, पळस, तेंदू, खैर यांचे पानझडी अरण्य आहे. उन्हाळ्यात ते रखरखीत दिसते; पावसाळ्यात मात्र राजदरी व देवदरी हे धबधबे गर्जू लागतात. दाट उतारांवर सांबर, मोकळ्या झुडपांत नीलगाय, पाणवठ्यांजवळ चितळ अशी जणू प्राण्यांनी जागा वाटून घेतली आहे. मोहाच्या फुलांसाठी अस्वल येते.

या रानाने एकदा वनराजाचेही स्वागत केले होते. आशियातील सिंह केवळ गीरमध्ये उरले होते. त्यांना दुसरे घर मिळावे म्हणून १९५७ साली एक सिंह व दोन सिंहिणी येथे आणून सोडण्यात आल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरा झाली. पुढे मात्र ते सारे नाहीसे झाले. अभयारण्य अवघे ७८ चौरस किलोमीटरांचे, त्याला कुंपण नव्हते आणि सिंहांवर शास्त्रशुद्ध देखरेखही नव्हती. गीरचे संरक्षित क्षेत्र याच्या कित्येक पटींनी मोठे आहे.

२०२५ च्या गणनेत सिंहांची संख्या ८९१ भरली, ही आनंदाची गोष्ट होय. पण हे सर्व सिंह गुजरातेतच आहेत आणि २०१८ साली गीरमध्ये साथीने सिंह दगावले, हेही विसरून चालणार नाही. सारी पुंजी एकाच पेटीत ठेवणे कोणत्या गृहस्थाला शहाणपणाचे वाटेल? मात्र दुसरे घर द्यायचे तर पुरेसे रान, भरपूर भक्ष्य व आसपासच्या गावकऱ्यांची साथ ही आधी जुळवावी लागते. पाहुणा आणण्यापूर्वी घर सिद्ध हवे, हा धडा चंद्रप्रभेने दिला आहे. काशीस जाल तेव्हा देवदरीपाशी क्षणभर थांबून तो अवश्य आठवावा.